ताट आणि वाट

‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीला नवा नव्हता. मालकाने कारखान्याच्या दरवाजाला कुलूप लावून कामगारांना बाहेर ठेवावे, याला टाळेबंदी म्हणत. मुंबईच्या गिरणगावाने हा शब्द पुरेपूर भोगला होता. २०२० साली त्याच शब्दाला दुसरा अर्थ येऊन चिकटला. करोनाच्या साथीमुळे २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, आणि या वेळी माणसे कुलपाच्या आत राहिली. दुसऱ्याच दिवशी गुढीपाडवा होता. ज्यांच्या घरी महिन्याचे वाणसामान भरलेले होते, त्यांनी घरातच गुढी उभारली. ज्यांची मजुरी रोजची, त्यांच्या वाट्याला मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम आले : कारखानाही बंद आणि रस्ताही बंद.

देशात तेव्हा धान्य नव्हते, असे मुळीच नाही. १ एप्रिलला सरकारी साठ्यात नियमाप्रमाणे सुमारे २१० लाख टन गहू-तांदूळ असावा लागतो. २०२० च्या एप्रिलमध्ये तो त्याच्या दुपटीहून अधिक होता. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दरमहा माणशी ५ किलो धान्य हा देशातील सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्येचा हक्क ठरवला होता. एप्रिलपासून त्यात आणखी ५ किलो मोफत धान्याची आणि कुटुंबामागे १ किलो डाळीची भर पडली. सुमारे ८० कोटी लोकांसाठी ही योजना होती आणि तिने अनेक चुली पेटत्या ठेवल्या, हे मान्यच करावयास हवे.

पण धान्याला पत्ता लागतो. शिधापत्रिका गावातील दुकानाशी बांधलेली आणि कमावता माणूस शहरात. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशा येथून मुंबई-सुरतेकडे आलेल्या मजुराचे नाव गावाकडच्या पत्रिकेत असे. ती पत्रिका घरच्या माणसांकडेच ठेवणे शहाणपणाचे होते. एका राज्याची पत्रिका दुसऱ्या राज्यात चालावी, ही सोय काही राज्यांत नुकती सुरू झाली होती, परंतु ती किती जणांना ठाऊक होती? पत्रिका नसलेल्या स्थलांतरितांना ५ किलो धान्य देण्याची घोषणा मे महिन्यात झाली. तोवर टाळेबंदीला सात आठवडे लोटले होते.

शिवाय धान्य म्हणजे जेवण नव्हे. एका खोलीत दहा-बारा जण राहणाऱ्या पुरुषांची जेवणे बहुधा खानावळीत होत. खानावळ बंद झाल्यावर हाती आलेला तांदूळ शिजवायला भांडे हवे, जळण हवे. गहू असेल तर पिठाची गिरणी उघडी हवी. म्हणूनच शिजवलेल्या अन्नाचे मोल त्या दिवसांत निराळे होते. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपयांना सुरू झालेली ‘शिवभोजन’ थाळी मार्चअखेर ५ रुपयांना मिळू लागली. दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात, एवढेच तिच्यात असे. ते थेट खाता येत होते, हाच तिचा मोठा गुण.

ताट मिळेना तेव्हा माणसांनी वाट धरली. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावाकडे ती पायी निघाली. डोक्यावर बोचके, कडेवर मूल आणि खिशात बिस्किटांचा पुडा. एप्रिल आणि मे महिन्यांत पार्ले-जी बिस्किटांची विक्री विक्रमी झाली. घरात बसलेल्यांच्या चहाबरोबर ते बिस्किट होते आणि चालणाऱ्यांच्या दुपारच्या जेवणाच्या जागीही तेच होते. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील काही मजूर लोहमार्गाने भुसावळच्या दिशेने चालत निघाले. थकून ते रुळांवरच झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतील १६ जण मृत्युमुखी पडले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी देशभर पाहिले गेले. वाटेसाठी बांधून घेतलेली ती शिदोरी होती.

दारांच्या आतील गोष्ट वेगळी, पण याच काळाची. तेथे ताट भरलेले होते आणि वाट बंद होती. बागा बंद, मैदाने बंद, गच्चीलाही कुलूप. कार्यालय जेवणाच्या मेजावर आले आणि जिना, स्थानक, बसथांबा एवढे जे नकळत चालणे होई, तेही संपले. वेळ जावा म्हणून स्वयंपाकघरात नवनवे पदार्थ होऊ लागले. मैदा, साखर आणि तेल यांचा हात सैल झाला. भाजी दुर्मीळ झाली, तेव्हा तिची जागा पापड, लोणचे आणि फरसाण यांनी घेतली. म्हणजे मिठाचेही माप सुटले. जागरणे वाढली आणि रात्रीच्या खाण्याला धरबंध उरला नाही.

मधुमेह असलेल्यांना हे विशेष महागात पडणारे होते. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात. नुसते बसून राहिले की ती रक्तातच साठत जाते. चिंतेनेही ती वाढते, आणि चिंतेला तेव्हा काय तोटा होता! संसर्गाच्या भीतीने नेहमीच्या तपासण्या लांबणीवर पडल्या. अनियंत्रित मधुमेह असलेल्या रुग्णाला करोना अधिक गंभीर रूपात गाठतो, हे पुढे दिसून आले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने ज्यांना ग्रासले, त्यांत मधुमेहींचे प्रमाण फार मोठे होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक सांगितली आहे.

भरल्या घरातही सर्वांचे ताट सारखे नव्हते. सगळी माणसे दिवसभर घरी, म्हणजे चार वेळा स्वयंपाक आणि चार वेळा भांडी. वाढणारी बाई सर्वांत शेवटी बसे आणि उरलेले खाई. ही रीत टाळेबंदीने आणलेली नाही. टाळेबंदीने तिचे ओझे तेवढे वाढवले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

शाळाही बंद झाल्या. शाळेतील खिचडी हे लाखो मुलांचे दिवसातील हुकमी जेवण होते. त्याचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीपूर्वीच, स्वतःहून विचारला होता. पुढे ठिकठिकाणी मुलांच्या घरी कोरडे धान्य देण्यात आले. शाळेत खिचडी त्या मुलाच्याच ताटात पडे. घरी नेलेला तांदूळ सगळ्या घराचा होई. जेथे बापाची मजुरी थांबली होती, तेथे त्याबद्दल कोणाला बोल लावणार?

एका राज्याची शिधापत्रिका सर्व राज्यांत चालावी, असा आदेश न्यायालयाने जून २०२१ मध्ये दिला, आणि आता ती चालते. मोफत जादा धान्याची योजना २०२२ अखेरपर्यंत टिकली. १ जानेवारी २०२३ पासून कायद्याने ठरलेले ५ किलो धान्यच मोफत झाले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार रोजच्या ऊर्जेतील तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. उरलेली ऊर्जा डाळी, भाज्या, फळे, दूध, तेलबिया यांतून यावी. केंद्राकडून घरटी मिळणारी १ किलो डाळ मात्र २०२० च्या नोव्हेंबरनंतर बंद झाली. आजच्या ५ किलोंत मुख्यतः गहू आणि तांदूळच असतात.