नाईकांचा वाडा आणि खालांचे घर

भुताच्या मालिकांची आम्हांला लहानपणापासून ओढ. सोनी वाहिनीवर १९९५ साली सुरू झालेली ‘आहट’ आम्ही पांघरुणाच्या फटीतून पाहिली. पाहिली म्हणण्यापेक्षा ऐकली. पुढे बी.एड. झालो, वर्गात पोरांना दरडावू लागलो, तरी ओढ काही सुटली नाही. २०१९ च्या जानेवारीत झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व आले, तेव्हा रात्री साडेदहाला भिगवणच्या आमच्या घरातले सगळे टीव्हीपुढे हजर असत.

कोकणातला नाईकांचा वाडा. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावचे. आम्ही उजनीच्या काठचे, उघड्या माळाची माणसे. झाडीत बुडालेला असा वाडा पाहूनच अंगावर काटा यायचा. २०१६ च्या पहिल्या पर्वात भूत दिसते की भास होतो हेच कळत नसे. दुसरे पर्व त्याआधीची हकीकत सांगणारे. त्यात अण्णा नाईक जिवंत आहेत, आणि खरे सांगायचे तर माधव अभ्यंकरांचा तो जिवंत माणूसच भुताहून भयंकर वाटायचा. तो पडवीत येऊन बसला की घरातली बायकापोरे गप्प होत. प्रल्हाद कुडतरकरांचा पांडू मध्येच हसवायचा म्हणून निभावले.

त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला. शाळेला सुट्टी. तरावीह आटोपून घरी यावे तो मालिकेची वेळ झालेली. घरात कुरकूर व्हायची, पण बघायचे सगळेच.

आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला एक खाला एकट्या राहत. मूलबाळ नाही, शोहर जाऊन बरीच वर्षे झालेली. इफ्तारीची थाळी त्यांच्याकडे पोहोचवायची ही पोरांची जुनी कामगिरी. त्या रमजानात पोरे जाईनात. म्हणे, त्या घरात जिन आहे. रात्री अंधारात निळा उजेड हलतो, पुरुषाचा आवाज येतो. एकाने तर खालांचे नाव ‘शेवंता’ ठेवले. ते ऐकून आम्हीही हसलो, हे इथे लिहिलेच पाहिजे.

जिन नसतातच, असे आम्ही पोरांना सांगू शकत नाही. कुरआनचा ७२ वा सूरा त्यांच्याच नावाचा आहे. पण ते खालांच्या घरी राहतात, हे कुठे लिहिले आहे? शेवटी एका रात्री तरावीहनंतर दोघा पोरांना हाताला धरून आम्ही निघालो. दार ढकलले. ओट्यावरचा बल्ब गेलेला, आत काळोख, निळा उजेड हलतोय, आणि पुरुषाचा आवाजही येतोय. पोरांची बोटे आमच्या हातात रुतली. खरे तर आमचाही श्वास अडकला होता.

आवाज अण्णा नाईकांचा होता. खाला छोट्या टीव्हीपुढे मांडी घालून बसल्या होत्या.

“कौन? सर? या, बसा,” त्या म्हणाल्या. “बारा दिवस झाले, थाळी कुणी आणत नाही. मला वाटलं, माझ्याकडून काही चुकलं का?”

आम्हांला उत्तर सुचेना. पोरांतला धाकटा तोवर टीव्हीजवळ सरकला होता. खालांनी आपली उशी त्याच्याकडे ढकलली.

“बल्ब तेवढा बदलून द्या,” त्या आम्हांला म्हणाल्या, “पण जाहिरात लागल्यावर.”