वाजवून पाहिलेलं झाड

उभ्या झाडाच्या खोडावर कुऱ्हाडीचा माथा हलकेच आपटला की जो आवाज होतो, तो कानाआधी तळहाताला कळतो; दुसरा हात मात्र खोडावर टेकवलेला हवा. भरीव झाड तो ठोका पोटात घेतं. एक बसका, आखूड आवाज येतो आणि संपतो. आतून पोकळ झालेलं झाड घुमतं, आवाज थोडा वेळ आतल्या आत फिरवत ठेवतं. ठोका देणारा माणूस हा फरक ऐकायला जेवढा वेळ थांबतो, तेवढा वेळ मला फार जवळचा वाटतो. ओठ मिटलेले, मान किंचित कललेली, नजर कशावरच नाही. आलेला असतो भाव ठरवायला, पण त्या घटकेला तो सगळाच्या सगळा झाडात असतो.

इंडियानात, वाबाश नदीच्या काठी, शेजारच्या आजींच्या रानात हा आवाज मी किती वर्षांनी ऐकला! हिवाळा होता, पानं कधीच गळून गेलेली. तसंही इथला काळा अक्रोड पानांच्या बाबतीत जरा कंजूषच. वसंतात सगळ्यांच्या मागून पालवतो आणि शरद लागताच सगळ्यांच्या आधी मोकळा होतो. काश्मीरहून आपल्याकडे येतो त्या अक्रोडाचा हा चुलतभाऊ, फळाने अधिक कठीण, लाकडाने अधिक गडद. मुळांतून जमिनीत असं काही सोडतो की जवळपास टोमॅटो लावले तर माना टाकतात. आजींनी ते सोसलं. पती गेले, मुलं दूर, छपराचं काम निघालेलं. तेव्हा रानातले मोठे अक्रोड विकावेत असं त्यांच्या मनात आलं. खरेदीदाराला थेट बोलावण्याआधी त्यांनी आपल्या बाजूने एक फॉरेस्टर बोलावला, आणि मला म्हणाल्या, तुम्हीही चला, मला सोबत होईल.

पहिल्याच झाडाशी तो थांबला, हातमोजा काढला आणि सालीवर उघडा हात ठेवला. मग छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, टेप वेढली. त्या टेपवरचे इंच मुळातच ताणून आखलेले असतात. वेढा घेरावर पडतो आणि आकडा व्यासाचा वाचता येतो. तो आकडा त्याने वहीत लिहिला. मग छोट्या कुऱ्हाडीचा माथा. ठक.

आणि मी राजापूरच्या अंगणात होते.

आमच्या अंगणातला फणस आत्याच्या लग्नासाठी विकायचा ठरला होता. तोडीची परवानगी हवी, कारण 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, साग यांच्या बरोबरीने फणसही आहे. ते कागद आजोबांच्या पिशवीत होते. पण मला आठवतो तो लाकूडवाला. चहा नको म्हणाला, आधी झाड बघू दे म्हणाला. खिशातून सुतळी काढली, खोडाला वेढली, जिथे टोक जुळलं तिथे बोटाने चिमटा धरला आणि तेवढी सुतळी चौपदरी दुमडली. तिचा एक पदर म्हणजे घेराचा चौथा हिस्सा; तो त्यालाच गुणायचा, मग बुंध्याच्या लांबीने, की झाले घनफूट. गोल झाडाचा अशा रीतीने चौकोन होतो आणि या हिशेबातून जवळजवळ पाचवा हिस्सा लाकूड सुटून जातं. हे मला पुष्कळ पुढे, कागदावर गणित मांडल्यावर कळलं. त्या दिवशी मी फक्त त्याच्या बोटांतली ती चौपदरी सुतळी बघत होते. एवढंसं झालं होतं आमचं झाड.

माझी आजी फणसाला रोजच वाजवायची, पण फळाला. उन्हाळ्यात बोटांच्या मागच्या पेरांनी टकटक करून पिकला की नाही ते सांगायची, आणि तिचा अंदाज चुकल्याचं कोणाला आठवत नाही. खोडाला कोणी वाजवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तो वाकून बुंध्यापाशी ठोकत होता, मग कमरेशी, मग हात उंचावून. दर ठोक्यानंतर थांबत होता. शेवटी म्हणाला, "तात्या, पोट भरलंय झाडाचं." आजोबांनी मान हलवली. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं होतं.

मग तो खोडाभोवती फिरू लागला. बोटांची टोकं सालीवरून नेत, डोळे अर्धवट मिटून. एका जागी बोट अडलं. "इथे लोखंड आहे." साल तिथे जराशी फुगली होती, वरून काही दिसत नव्हतं. आजोबा म्हणाले, "आईने ठोकला होता खिळा. कंदिलासाठी." पणजीला मी पाहिलेलं नाही. अंगणात वीज नव्हती तेव्हा तिन्हीसांजेला ती तिथे कंदील अडकवत असे, आणि पुढे झाडाने तो खिळा हळूहळू आत घेऊन टाकला, हे त्या परक्या माणसाच्या बोटामुळे मला कळलं. त्याने दीड फूट लांबी हिशेबातून सोडून दिली. करवतीचं पातं एका खिळ्याने जातं. त्याचंही बरोबरच होतं.

आजींच्या रानातही असं झालं. कुंपणाच्या कडेला एक देखणा अक्रोड होता, मला तर सगळ्यांत भव्य वाटलेला. फॉरेस्टर त्याच्याशी दोन पावलं मागेच थांबला. सालीत एक आडवी सुरकुती होती. आजींच्या सासऱ्यांच्या काळात गुरांसाठी काटेरी तार ओढलेली, झाडांनाच खांब मानून. अक्रोडाच्या लाकडात लोखंड राहिलं की आजूबाजूला निळसर काळा डाग धरतो, आणि तो दिसला की गिरणीवाले ओंडका बाजूला सारतात. त्या झाडाला त्याने रंग लावला नाही.

बाकीच्यांपाशी तो किती वेळ रेंगाळला! जी नजर मी एरवी आईच्या डोळ्यांत, आजारी मुलाकडे बघताना पाहिली आहे, ती त्याच्या डोळ्यांत होती. सालीची नक्षी जिथे मोडते तिथे फार पूर्वी फांदी होती आणि तिची गाठ आत अजून आहे. बारीक छिद्रांची रांग दिसली तर तिथे सुतारपक्ष्याने रस पिण्यासाठी चोची मारल्या आहेत. रानात दाटीने वाढलेलं झाड उजेडासाठी सरळ वर जातं, खालच्या फांद्या टाकून देतं; मोकळ्यावरचं झाड ऐसपैस पसरतं, सावली खूप देतं, पण त्याचा बुंधा आखूड राहतो. व्हेनियरवाले कागदासारखे पातळ पापुद्रे काढतात, त्यांना गोल, सरळ, चारी अंगांनी निर्मळ बुंधा लागतो. हे सगळं तो आजींना सांगत होता आणि आजी, ज्यांनी त्या झाडांखाली जन्म काढला, डोक्यावरची टोपी मागे सारून वर बघत होत्या.

एका मध्यम झाडाशी त्याने वही मिटली. "याला राहू द्या," म्हणाला. त्याने हिशेब दाखवला. ओंडक्याच्या बारीक टोकाच्या व्यासातून चार इंच वजा करायचे, उरेल त्याचा वर्ग, लांबीने गुणून सोळाने भागायचं. आठ फुटी ओंडका सोळा इंची असेल तर इथल्या लाकडाच्या मापाने 72 बोर्ड फूट, वीस इंची असेल तर 128. चार इंचांनी एवढा फरक, आणि ते चार इंच भरायला चांगल्या जमिनीतही दहा-पंधरा वर्षं. आजींनी क्षणभर आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू दे."

निवडलेल्या झाडांवर निळा रंग लागला. एक पट्टा छातीच्या उंचीवर आणि एक ठिपका अगदी मुळाशी, कुऱ्हाड पडेल त्याच्याही खाली, म्हणजे झाड गेल्यावरही तो उरावा आणि नेमलेलंच झाड तोडलं का ते बुंध्याला विचारता यावं. पुढे सीलबंद निविदा येणार होत्या.

परतताना फॉरेस्टरने 1918ची गोष्ट सांगितली. महायुद्ध चालू होतं, बंदुकांच्या दस्त्यांना आणि विमानांच्या पंख्यांना अक्रोड हवा होता, आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी बॉय स्काउटच्या मुलांना देशभरातले उभे अक्रोड शोधायला सांगितलं. पोरांनी शेतंन् शेतं धुंडाळून दोन कोटींहून अधिक बोर्ड फूट लाकूड नोंदवलं. माझ्या मनात ती पोरं बराच वेळ चालत राहिली. लोकांच्या परसात शिरणारी, झाडाला मिठी मारून घेर घेणारी. कशासाठी, याचा विचार मला करवेना. नुसती मिठी आठवावीशी वाटली.

आमच्या फणसातून लाकूडवाल्याने एक फळी परत दिली होती, तिचा आजोबांनी पाट करून घेतला. कापला तेव्हा तो हळदीसारखा पिवळाजर्द होता. तो आता इथे, माझ्या स्वयंपाकघरात आहे आणि वर्षांगणिक गडद होत तांबूस तपकिरी झाला आहे. शेजारी जेवणाचं टेबल आहे, अक्रोडाचं, जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेलं. अक्रोडाची तऱ्हा उलटी. ताजा कापला की हिरवट-जांभळट, हवा लागली की गडद तपकिरी, आणि मग उजेडात वर्षं काढता काढता उतरत जाणारा, मधाच्या रंगाकडे झुकणारा. खिडकीतून दुपारचं ऊन दोन्हींवर पडतं. एक उजळतो आहे, एक गडद होतो आहे. दरवर्षी मला वाटतं, दोघांतलं अंतर अजून थोडं कमी झालं. कधीतरी एखाद्या दुपारी ओळखू येणार नाही, कोकण कुठलं आणि वाबाश कुठली. आहा, तेवढी दुपार मिळावी.

त्या दिवशी रानाच्या तोंडाशी, गाडीत बसण्याआधी, फॉरेस्टर म्हणाला की झाडं गेल्यावर मोकळ्या होणाऱ्या जागेत पुढच्या शरदात अक्रोडच पेरता येतील. खारींपासून जपलं तर साठ-सत्तर वर्षांत असेच बुंधे होतील. मी आजींकडे पाहिलं. ऐंशी ओलांडलेल्या. त्यांना साठ-सत्तरचा आकडा ऐकू आला की नाही कोण जाणे. त्या त्याला विचारत होत्या, दोन रोपांत दहा फूट सोडायचे की बारा. सरळ वाढायला हवीत ना, मग दहाच, तो म्हणाला. आजी माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे एखादी लांब दोरी असेल का हो? ओळी आखायला लागेल."