जिथे सडक संपते

लेटिसियाला रस्ता जात नाही. कोलंबियाच्या नकाशात अगदी तळाशी, पेरू आणि ब्राझीलच्या बेचक्यात, अॅमेझॉनच्या काठावर हे शहर वसलं आहे. प्रांताची राजधानी आहे, बँका आहेत, राष्ट्रीय विद्यापीठाची शाखा आहे; पण देशातल्या दुसऱ्या कुठल्याही शहरातून गाडीत बसून इथे येता येत नाही. गावातून उत्तरेकडे एक सडक निघते आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर जंगलात थांबते. तिच्या कडेच्या वस्त्यांना लोक अंतरानेच ओळखतात: सहावा किलोमीटर, अकरावा किलोमीटर. त्यापुढे नुसती झाडं.

म्हणून बोगोटाहून येणारं विमान. बोगोटा २,६०० मीटर उंचीवर. तिथे भर दुपारीही अंगात स्वेटर असतो. विमानाने पर्वत ओलांडले की खाली हिरवं सुरू होतं आणि सुरूच राहतं. शेत नाही, धूर नाही, पायवाट नाही. डोळे त्या हिरव्याला सरावतात न सरावतात तोच ढगांखालून नदी वर येते, गढूळ, तांबूस, वळणांवर वळणं घेत. तिच्या दोन्ही अंगांना चंद्रकोरीच्या आकाराची तळी दिसतात. ती नदीचीच जुनी वळणं. कधीतरी ती तिथून वाहत होती, मग तिने जागा सोडली. इतक्या उंचीवरून नदीचा सगळा भूतकाळ एका नजरेत मावतो, आणि ही नदी एका जागी राहणारी नव्हे हेही तिथेच कळतं.

दोन तासांत दार उघडतं आणि दमट, जड हवा अंगाला येऊन भिडते. पायऱ्या उतरेपर्यंत चष्म्यावर वाफ धरलेली असते. धावपट्टी संपते तिथेच जंगल उभं. इमारत आटोपशीर, माणसं थोडी. पर्यटकांनी एका खिडकीशी प्रवेशकर भरायचा. पाकिटात पिवळ्या तापाच्या लशीचं कार्डही जपून ठेवलेलं असतं, कारण ते खरं लागणार असतं परतताना, मुंबईच्या विमानतळावर. तो ताप वाहून नेणारा डास आपल्याकडे आहे, ताप मात्र अजून आलेला नाही. ते कार्ड हातात धरलं की दोन दूरचे प्रदेश एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते जाणवतं.

या विमानतळाचा जीव खरा कळतो तो सामानात. येणाऱ्या पट्ट्यावर औषधांचे खोके, यंत्रांचे सुटे भाग, चिकटपट्टीने आवळलेल्या पेट्या. प्रत्येक पेटीवर जाड अक्षरात नाव, आणि तिची वाट बघत उभं अख्खं घर. आपल्याकडच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर सणाच्या आदल्या दिवशी जी लगबग असते, तीच इथे. जाणाऱ्या रांगेत पिशव्यांतून फारिन्या निघालेली असते: कडू कसाव्याचा कंद किसून, दाबून, त्यातलं विषारी पाणी काढून, मोठ्या कढईत भाजलेले पिवळे, टणक दाणे. बोगोटात राहणाऱ्या लेकरांसाठी आया ते बांधून देतात. आपला उपवासाचा साबुदाणा याच कंदाच्या पिठाचा. ती पिशवी वजनकाट्यावर चढताना बघून मला फार आपलं वाटलं.

आणि थर्माकोलच्या पेट्या. त्यात बर्फात मासळी. या तीन देशांच्या पाण्यातले मोठे बिनखवल्यांचे मासे लेटिसियात जमा होतात आणि विमानाने बोगोटाच्या बाजाराला जातात. त्यातला ‘दोरादो’ मी काठावर जवळून पाहिला. सोनेरी झाक असलेलं लांबट अंग, चपटं डोकं, मऊ मिशा. अँडीजच्या पायथ्याशी तो जन्मतो, अॅमेझॉनच्या मुखापर्यंत वाहत जातो, आणि मोठा झाला की उलट्या प्रवाहाने पुन्हा पायथ्याकडे निघतो. जाऊन-येऊन अकरा हजार किलोमीटरच्या वर. गोड्या पाण्यातल्या कुठल्याही माशाचा याहून लांब प्रवास माहीत नाही. ज्या पर्वतांच्या पायथ्याकडे तो मोठेपणी पोहत निघतो, तेच पर्वत पेटीतून ओलांडून जातो, हे मनातून जात नाही.

विमानतळाला नाव आहे जनरल आल्फ्रेदो वास्केस कोबो यांचं. सप्टेंबर १९३२ मध्ये पेरूच्या सशस्त्र नागरिकांनी लेटिसिया ताब्यात घेतलं, तेव्हा आपल्याच गावी पोचायला कोलंबियाला वाट नव्हती. जनरलांनी युरोपात जहाजं घेतली, अटलांटिक ओलांडला आणि ब्राझीलमधून अॅमेझॉनच्या मुखातून वर यायला निघाले. मदतीला पाण्यावर उतरणारी विमानं होती आणि ती चालवणारे जर्मन वैमानिकही. पुढे १९३३ ते १९३४ असं वर्षभर हे गाव राष्ट्रसंघाच्या कारभाराखाली होतं. जगाच्या पाठीवर इतक्या आडबाजूच्या वस्तीसाठी जिनिव्हात चर्चा झाल्या. धावपट्टीवर उभं राहिलं की त्या नावाचा अर्थ लागतो: आपल्या माणसांपर्यंत पोचण्याची धडपड.

आता सीमा शांत आहे. रस्ता न संपताच लेटिसियाचं ब्राझीलमधलं ताबातिंगा होतं, मध्ये फाटक नाही. बरीच वर्षं पासपोर्टवर शिक्का घ्यायला मात्र विमानतळावरच यावं लागे. उद्या पहाटे बोटीने पेरूला जाणारा माणूसही आज इथे येऊन रांगेत उभा राही.

पण नदी सरकते आहे. पाण्याचा जोर पलीकडच्या पात्राकडे वळतो आहे, लेटिसियाच्या बाजूला गाळ साचतो आहे. २०३० च्या सुमाराला गाव नदीपासून तुटेल असा इशारा दिला गेला आहे. गाळातून वर आलेल्या सांता रोसा बेटावरून २०२५ मध्ये कोलंबिया आणि पेरूत वादही पेटला. २०२४ च्या दुष्काळात पाणी इतकं ओसरलं की काठावरच्या वस्त्यांना गावापर्यंत चिखलवाळू तुडवत यावं लागलं.

अशा वेळी लोक म्हणतात, विमानतळ आहेच. आहे, आणि तो असलाच पाहिजे. अवघड दुखण्याचा रोगी इथूनच बोगोटाला जातो. तरी मला हा दिलासा पुरत नाही. विमान किलोवर मोजतं. सिमेंट, इंधन, विटा, केळ्यांचे घड त्याला परवडत नाहीत. पेके-पेके म्हणतात त्या लांब दांड्याच्या इंजिनाच्या होडीतून पहाटे बाजाराला येणाऱ्या तिकुना बाईला तिकीट काढून यायचं नसतंच. तिला तिच्या वस्तीपासून धक्क्यापर्यंत पाणी हवं. पात्रातला गाळ काढायचा, धक्का पुढे न्यायचा, तीन देशांनी मिळून ठरवायचं, हे काम धावपट्टी कितीही लांबवली तरी तसंच राहणार आहे.