समोरासमोर

३ जुलै २०२५, गुरुवार

समुपदेशनाच्या खोलीत शेजारी बसूनही नवरा-बायको दोघं बोलत होती माझ्याशीच. "मॅडम, ह्यांना विचारा, बायोप्सीच्या दिवशी मी एकटी का होते?" "मॅडम, तिनं 'या' म्हटलंच नाही." घरी हे मधलं काम त्यांची नऊ वर्षांची मुलगी करते. बाबांना सांग, पान वाढलंय. आईला विचार, किल्ली कुठं ठेवली. पोरीच्या हल्ली शाळेच्या वेळेला पोटात दुखतं.

खुर्च्या समोरासमोर करून घेतल्या. अट एकच घातली: उत्तर देण्याआधी दुसऱ्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि ते बरोबर सांगितलं का, हे त्या दुसऱ्यानं ठरवायचं. तो म्हणाला, "तू म्हणतेस, मी काही केलं नाही." ती म्हणाली, "नाही. मी म्हणते, मी घाबरले होते." सर्जन शोधणं, पैशांची सोय, रिपोर्ट आणणं, सगळं त्यानं केलं होतं, तिनंही ते नाकारलं नाही. तिला तो दवाखान्यातल्या बाकावर शेजारी हवा होता. बऱ्याच वेळानं तो तिच्याकडे बघून म्हणाला, "मला वाटलं, तुला भीती वाटली तर तू सांगशील."

४ जुलै, शुक्रवार

"आमच्या वतीनं वकीलच बोलतील," असं आज एका नवऱ्यानं सुनावलं. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यात कलम ९ समेटाचा प्रयत्न करायला सांगतं आणि कलम १३ प्रमाणे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्याला परवानगी लागते. माणसांनी आपलं आपण बोलावं, ही त्यामागची इच्छा मला फार मोलाची वाटते. प्रत्यक्षात वकीलपत्रं सर्रास येतात.

६ जुलै, रविवार, आषाढी

भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांचं १९९० सालचं पुस्तक पुन्हा चाळलं. बाई दुखणं सांगते ती सोबतीसाठी, पुरुष ऐकतो ते उपाय सुचवायला, असं त्यांचं निरीक्षण. पुष्कळदा पटतं. पण नोकरी गेलेल्या नवऱ्यासमोर रोज जाहिरातींची कात्रणं ठेवणारी बायकोही मी पाहिली आहे. त्याला तेव्हा नुसतं कुणीतरी जवळ बसायला हवं होतं. तेव्हा बाई-पुरुष असा हिशोब न करता सरळ विचारावं: ऐकू, की काही सुचवू?

८ जुलै, मंगळवार

आज सासरे सांगत होते, "मारलं वगैरे काही नाही, दोघांचा गैरसमज आहे." सुनेच्या मनगटावर वळ होते. मारहाणीला गैरसमज म्हणणं हा शुद्ध खोटेपणा आहे आणि समुपदेशनाच्या खोलीत तो चालू देता कामा नये. ह्या नवरा-बायकोला मी समोरासमोर बसवलं नाही. तिच्याशी एकटीशी बोलले. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला त्याच घरात राहण्याचा हक्क आहे, हे आधी सांगितलं आणि तिला संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवलं.