कंट्रोल-सी

नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी उबुंटू असलेला लॅपटॉप हातात आला. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची पाच, सगळी विंडोजवर गेलेली. 'शिकू की, त्यात काय!' म्हटलं.

तिसऱ्या दिवशी टर्मिनलमध्ये दोन तासांपासून टेस्ट्स चालू होत्या. एररची एक ओळ कॉपी करायला सवयीनं कंट्रोल-सी दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू प्रोग्रॅमला 'थांब' असा सिग्नल. कॉपी करायची तर सोबत शिफ्टही दाबायचं.

शेजारच्या सीनिअरनं पाहिलं. "होतं असं," एवढंच म्हणाला.

मला आई आठवली. तिच्या नव्या फोनवर खाली बॅकचं बटण नाही, कडेवरून बोट सरकवायचं. तिचा अंगठा मात्र जुन्याच जागी जायचा. "किती वेळा सांगू गं?" मी ओरडलो होतो. त्यानंतर तिनं काही विचारलंच नाही.

तिला कळलं होतं. अंगठ्याला कळायला वेळ लागत होता.

रात्री फोन केला. "आई, जमतोय का फोन?"

"शेजारची पोरगी देते करून," ती म्हणाली. "तू जेवलास का?"