एका एकराचा प्रयोग

आपल्याकडे दोन म्हणी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. 'हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये' ही एक, आणि 'थांबला तो संपला' ही दुसरी. मुलगा शेतीत लक्ष घालू लागला की वडील पहिली म्हण सांगतात आणि मुलगा दुसरी. मधे बसते ती आई.

आमचे वावर आर्वी तालुक्यात आहे. आठ एकर. पऱ्हाटी आणि तूर हे पिढ्यान्‌पिढ्यांचे पीक. त्यातल्या चार एकरांना विहिरीचे पाणी पोचते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला, तेव्हापासून मुलाने धरले, "बाबा, पाण्याखालच्या चारही एकरांत संत्रा लावू." ह्यांचे म्हणणे, "संत्र्याला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर तुझ्या बहिणीची फी आणि सोसायटीचे कर्ज कशातून भरायचे?" दोघांचेही खरे होते, म्हणूनच भांडण मिटत नव्हते.

हा पेच काही आपल्याच घरात असतो असे नाही. मोठमोठ्या कारखानदारांनाही तो चुकत नाही. आपल्या वर्ध्याच्या बजाजांचेच बघा. जमनालालजींना दत्तक घेतले ते वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घराण्यात. घरचा मोठा व्यापार कापसाचा. पुढे १९४५ साली, जमनालालजींच्या पश्चात, याच बच्छराजांच्या नावाने एक व्यापारी कंपनी निघाली. ती १९४८ पासून परदेशी स्कूटर आणि तीनचाकी गाड्या आणून विकू लागली. १९५९ साली तिला गाड्या इथेच बनवण्याचा परवाना मिळाला. हीच आजची बजाज ऑटो.

१९७२ साली त्यांची चेतक स्कूटर आली. तिच्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघत. गिऱ्हाईक असे दारात उभे असताना नवे कशाला शोधायचे, असे कुणालाही वाटेल. पण १९८० नंतरच्या दशकात कमी पेट्रोलवर चालणाऱ्या जपानी बनावटीच्या मोटारसायकली आल्या आणि हळूहळू लोक स्कूटरकडून तिकडे वळले. बजाजांनी मोटारसायकली करायला घेतल्या होत्या, पण स्वतःची म्हणावी अशी पल्सर आली ती २००१ साली. २००९ साली त्यांनी स्कूटर बनवणेच सोडायचे ठरवले. वडील राहुल बजाज यांना मुलाचा हा निर्णय रुचला नाही आणि त्यांनी तसे उघड बोलूनही दाखवले. म्हणजे बाप-लेकांचा वाद बंगल्यातही होतो! या सगळ्या काळात त्यांची तीनचाकी ऑटोरिक्षा मात्र चालूच राहिली. आणि २०२० साली चेतक पुन्हा बाजारात आली, या वेळी विजेवर चालणारी.

दुसरे उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव बेळगावात सायकली विकत. त्यातून त्यांनी कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर करायला घेतले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा समजूत होती, त्यामुळे नांगर कुणी घेईना. तरी त्यांनी धीर सोडला नाही. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर घरोघर गेला.

या दोन गोष्टींतून मी माझ्यापुरते तीन धडे घेतले. पहिला, जुने पीक चांगले चालू आहे तेव्हाच नव्याची सुरुवात करावी. जुने बसल्यावर नव्याला पोसणार कोण? दुसरा, नव्याला एवढीच जागा द्यावी की ते पूर्ण बुडाले तरी घराची चूल पेटती राहील. तिसरा, एकदा सुरू केले की त्याला त्याचा पुरता काळ द्यावा. दोन वर्षांत उपटून टाकायचे असेल तर लावूच नये.

हे तिन्ही मी जेवताना ताटावर मांडले. ठरले असे : चार नाही, एकच एकर संत्रा. सहा-सहा मीटरवर एकशे अकरा झाडे. मधल्या मोकळ्या जागेत सुरुवातीची वर्षे मूग आणि सोयाबीन. बाकी सात एकर पूर्वीसारखीच पऱ्हाटी आणि तूर. संत्र्याच्या खर्चाची वही वेगळी, म्हणजे कुणाचा पैसा कुठे जातो ते दिसावे. आणि मे महिन्यात विहिरीचे पाणी किती एकरांना पुरते ते मोजल्याशिवाय दुसऱ्या एकराचा विषय काढायचा नाही.

आता झाडांना तिसरे वर्ष आहे. फळ अजून नाही. मुलीची फी यंदाही कापसानेच भरली. मुलाला एक एकर थोडे वाटते, ह्यांना ते जास्त वाटते. पण परवा उन्हात आळ्यांना पाणी द्यायला मुलाच्या आधी हेच गेले होते, आणि वेचणीला मुलगा कापसात सगळ्यांच्या पुढे होता.

मायबहिणींनो, तुमच्या घरी असा वाद असेल तर कुणा एकाला जिंकवू नका. दोघांनाही वावरात जागा द्या. किती द्यायची, ते मात्र वही उघडून ठरवा.