नकलनवीस आणि नक्कलबहाद्दर

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यानं दक्षिणेला निघालं, की वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. मराठी माणसाच्या कानावरून हे नाव सहसा गेलेलं नसतं. पण इथं एक मोठी मराठी खूण उभी आहे, मुक्तांबाळ छत्रम. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२च्या सुमारास आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ हे छत्र उभारलं. रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूंना इथं जेवण आणि निवारा मिळे. शिवाय मुलांच्या शिक्षणाचीही सोय होती.

आज ओरत्तनाडुमध्ये पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुलींचं सरकारी महाविद्यालय आहे. आणि जिथं महाविद्यालय आलं तिथं एक दुखणं पाठोपाठ येतंच, मग ते गाव ओरत्तनाडु असो की आपलं उदगीर. विद्यार्थ्यानं आणून दिलेलं लिखाण त्याचं स्वतःचं आहे का? नसेल, तर मास्तरांनी करायचं काय?

गंमत अशी, की ज्या सरफोजी राजांनी ओरत्तनाडुचं छत्र उभारलं, त्यांच्याच राज्यात नक्कल करणं हा प्रतिष्ठेचा उद्योग होता. १८२०नंतर राजे काशीयात्रेला गेले, तेव्हा त्यांनी पंडितांना कामाला लावून ठिकठिकाणचे ग्रंथ मिळवले. जे विकत मिळाले नाहीत, त्यांच्या नकला करवून घेतल्या. तंजावरच्या सरस्वती महालात आज हजारो हस्तलिखितं आहेत. त्यांत मराठीही आहेत, मोडीही आहेत. नकलनवीस बसले नसते, तर यातलं कितीतरी आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.

मग त्यांना कुणी चोर का म्हणत नाही? जुन्या हस्तलिखितांचं शेवटचं पान पाहावं. ग्रंथ संपला की अनेक लेखक आपलं नाव घालत, तिथी-शक घालत, कुणासाठी लिहिलं तेही सांगत. समोर जसं दिसलं तसं उतरवलं आहे, चुकलं असेल तर मला बोल लावू नका, अशी विनवणीही पुष्कळदा असे. ग्रंथ दुसऱ्याचा, हात माझा, एवढा साधा कबुलीजबाब! आजच्या फाइलीत नेमकं हेच शेवटचं पान नसतं. पहिल्या पानावर मात्र विद्यार्थ्याचं नाव ठळक अक्षरात असतं.

यात सगळा दोष पोरांच्या माथी मारून चालायचं नाही. पहिलीपासून मुलाला आपण काय शिकवतो? गाईडातलं उत्तर शब्दन् शब्द उतरवलं की पैकीच्या पैकी. स्वतःच्या शब्दांत लिहिलं की अर्धा गुण कमी. 'माझी आई' हा निबंधसुद्धा बाई फळ्यावर लिहून देतात आणि चाळीस मुलांच्या चाळीस आया हुबेहूब एकसारख्या निघतात. प्रोजेक्टचा तक्ता बाबा ऑफिसातून आल्यावर रंगवतात, नाहीतर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात तो तयारच मिळतो. घरात कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. बारा वर्षं ज्याबद्दल शाबासकी मिळाली, तीच गोष्ट तेराव्या वर्षी एकाएकी चोरी ठरते. मुलं गोंधळतात, आणि ती खरोखरच गोंधळलेली असतात.

कायदा नाही असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध खास नियम केले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य सापडलं, तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल, तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं. चाळीस ते साठ असेल, तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. ज्याचा आधार घेतला त्याचं नाव देऊन केलेली अवतरणं या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे शेवटच्या पानाचा तो जुना रिवाज इथं नियमाच्या भाषेत आला आहे.

पण हे नियम पदव्युत्तर आणि संशोधनाच्या लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, उत्तरपत्रिका हे सगळं त्यांतून स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. म्हणजे बी.ए., बी.एस्‌सी.च्या पोरीची फाइल ही शेवटी बाईंच्या टेबलावरच येऊन पडते. टक्केवारीचा तक्ता नाही, समिती नाही. बाई, त्यांचं पेन आणि समोर मान खाली घालून उभी असलेली एकोणीस वर्षांची मुलगी!

यंत्राचा आधार घ्यावा, तर तोही अर्धाच. साम्य शोधणारं सॉफ्टवेअर शब्द जुळवतं, हेतू ओळखत नाही. इंग्रजी उतारा तमिळमध्ये किंवा मराठीत उतरवला की ते बऱ्याचदा फसतं. आता तर कॉम्प्युटरच निबंध लिहून देतो. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. ते बनवणाऱ्या कंपनीनं असं लिखाण ओळखण्यासाठी स्वतःच एक साधन काढलं, आणि ते पुरेसं अचूक नाही म्हणून २०२३च्या जुलैत मागेही घेतलं. कर्त्याचीच ही अवस्था! तेव्हा यंत्रानं लाल खूण केली एवढ्यावरून कुणा मुलीला दोषी ठरवणं हा अन्यायच आहे.

त्यापेक्षा जुना उपाय बरा. फाइल समोर ठेवायची आणि दोन प्रश्न विचारायचे. हा शब्द का वापरलास? हा आकडा कुठून आणलास? जिनं लिहिलंय ती अडखळत का होईना, सांगते. जिनं उतरवलंय ती गप्प होते. हे चारचौघांत मात्र करू नये. भर वर्गात झालेली शोभा मुलगी जन्मभर विसरत नाही आणि त्यातून ती शिकत काहीच नाही. पहिल्यांदा सापडली, तर फाइल परत द्यावी, आधार कुठला घेतला ते लिहायला शिकवावं आणि आठवड्यानं पुन्हा मागावी. दुसऱ्यांदा सापडली, तर मात्र गुण कापावेत, हयगय करू नये.

आणि विषयच असा द्यावा, की उतरवायला कुठं मिळू नये. ओरत्तनाडुच्या मुलींना 'भारतातील सिंचन' हा विषय कशाला? कावेरीचं पाणी कल्लणैवरून निघणाऱ्या कालव्यानं या भागात येतं. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. या वर्षी आपल्या शेताच्या टोकाला ते कधी पोचलं, हे आजोबांना विचारून लिहा म्हणावं. हे उत्तर कुठल्या गाईडात सापडणार?

एक पेच मात्र सुटता सुटत नाही. दोन फाइली अगदी सारख्या निघतात, तेव्हा दोघींनाही शून्य देण्याची पद्धत आहे. पण वही देणारी बहुधा वर्गातली कष्टाळू मुलगी असते. जिनं मागितली ती तिच्याच खोलीत राहते, रोज एकाच बसनं येते. नाही कसं म्हणायचं? दोघींना वेगवेगळं बोलावलं, की लिहिणारी कोण ते पाच मिनिटांत कळतं. तिचे गुण राहू द्यावेत, पण पुन्हा वही द्यायची नाही हेही बजावावं. पुढच्या खेपेला वही मागितली गेली, तर "बाईंनी बजावलंय गं" असं म्हणायला तिच्यापाशी निदान एक निमित्त असतं.